फुली कुठे बसवायची?

व्हाइटफील्डमध्ये आज रायफलीचा बार ऐकू आला तर दहा मिनिटांत सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटावर गोंधळ उडेल आणि पाठोपाठ पोलीस येतील. सव्वाशे वर्षांपूर्वी तो कुणाच्या खिजगणतीतही नसता. म्हैसूरचे महाराज दहावे चामराज वाडियार यांनी 1882 मध्ये इथली सुमारे 3900 एकर जमीन युरेशियन आणि अँग्लो-इंडियन लोकांच्या संघटनेला वसाहतीसाठी दिली. संघटनेचे प्रमुख डी. एस. व्हाइट, त्यांच्यावरून गावाचं नाव पडलं. तेव्हा इथे शेती होती, तळी होती, माळ होता, आणि ज्याच्या घरी बंदूक त्याला ती वापरायला जागाही होती.

आता बेंगळूरूहून जुन्या विमानतळाच्या रस्त्याने व्हाइटफील्डकडे निघालं की वाटेत एचएएलचं आवार लागतं. हा विमान कारखाना 1940 मध्ये सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी उभा केला. पुढे याच कारखान्यात नोकरीला असलेला एक माणूस सुट्टी मिळाली की रायफल घेऊन दक्षिणेच्या जंगलात जायचा. त्याचं नाव केनेथ अँडरसन. नरभक्षक वाघ-बिबट्यांच्या त्याच्या गोष्टी आजही वाचल्या जातात. त्याची आवडती रायफल होती .405 बोअरची विंचेस्टर. नळीच्या टोकाला माशी, मागे खाच, आणि दोन्ही जुळवून नेम. दुर्बिणीची गरज त्याला फारशी भासली नाही. नरभक्षकावर झाडलेली गोळी बहुधा वीस-चाळीस पावलांवरची असते. तिथे दुर्बीण लावली तर काचेत नुसते पिवळे-काळे केस दिसतील, आणि वाघाचं तोंड कुठल्या बाजूला आहे हे कळेपर्यंत उशीर झालेला असेल.

1972 मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि आपल्याकडची शिकार संपली. आज परवानगी मिळते ती अपवाद म्हणून: माणसाच्या जिवावर उठलेलं जनावर, किंवा काही राज्यांत पिकांची नासाडी करणारी रानडुकरं, तीही सरकारच्या लेखी आदेशानेच. कोकणात शेती संरक्षणाच्या परवान्यावर बंदुका आहेत, पण निवडणूक आली की त्या पोलीस ठाण्यात जमा होतात. त्यातल्या बऱ्याचशा ठासणीच्या किंवा बारा बोअरच्या. त्यांच्यावर दुर्बीण चढवणं म्हणजे हौस.

मग शिकारी रायफलीच्या दुर्बिणीची चर्चा कशाला? एक तर आपली माणसं आता जगभर आहेत. व्हाइटफील्डच्या कंपनीतून डेन्व्हरला किंवा ह्यूस्टनला गेलेल्या मराठी इंजिनिअरला तिथला सहकारी हरणाच्या हंगामात बरोबर चल म्हणतो, आणि तिथे ते कायदेशीर आहे. दुसरं म्हणजे लष्कर, आणि लष्करासाठी रायफली बनवणारे बेंगळूरूचेच कारखाने. तिसरा गट छऱ्याच्या एअर रायफलीवर दुर्बीण लावून कागदी लक्ष्यावर नेम धरणाऱ्या हौशी लोकांचा. या तिघांनाही दुकानात पहिला प्रश्न तोच पडतो: फर्स्ट फोकल प्लेन घ्यायची की सेकंड? एफएफपी की एसएफपी? या तीन अक्षरी नावांभोवती इतकी बढाई आणि इतका गैरसमज साचला आहे की मूळ गोष्ट किती सोपी आहे ते कुणी सांगतच नाही.

आधी नळीच्या आत डोकावू. रायफलीच्या दुर्बिणीत पुढच्या मोठ्या भिंगांची जोडी समोरच्या दृश्याची प्रतिमा नळीच्या आत एका जागी पाडते. ही प्रतिमा उलटी असते: हरणाचे पाय वर, शिंगं खाली. ती जिथे पडते ते पहिलं फोकल प्लेन. शाळेच्या पुस्तकात यालाच नाभीय प्रतल म्हणायचे. तिथून पुढे एका आतल्या नळीत बसवलेली भिंगं ही प्रतिमा सुलटी करतात. याच भिंगांमधलं अंतर कमी-जास्त केलं की प्रतिमा लहान-मोठी होते. झूमची कडी फिरवता तेव्हा आत हेच घडत असतं. सुलटी झालेली प्रतिमा दुसऱ्या जागी पडते, ते दुसरं फोकल प्लेन. डोळ्याजवळचं भिंग ती आपल्याला मोठी करून दाखवतं.

नेम धरायची फुली, म्हणजे रेटिकल, यांपैकी कुठल्याही एका जागी बसवता येते. दोन्ही ठिकाणी प्रतिमा तंतोतंत फोकसमध्ये असल्यामुळे फुलीही स्पष्ट दिसते. सगळा वाद एवढ्यावरच आहे.

पहिल्या जागी, झूमच्या अलीकडे बसवलेली फुली दृश्याबरोबर मोठी होते आणि दृश्याबरोबर लहान होते. दुसऱ्या जागी, झूमच्या पलीकडे बसवलेली फुली डोळ्याला कायम तेवढीच दिसते, मागचं दृश्य कितीही वाढो की घटो. नकाशाच्या कोपऱ्यात किलोमीटरची पट्टी छापलेली असते. नकाशा झेरॉक्सवर दुप्पट केला तर पट्टीही दुप्पट होते आणि तिच्यावर मोजलेलं अंतर बरोबर येतं. पण मूळ नकाशाच्या मापाची प्लॅस्टिकची पट्टी मोठ्या केलेल्या प्रतीवर ठेवली, तर प्रत्येक अंतर दुप्पट निघेल. एफएफपीची फुली नकाशावर छापलेल्या पट्टीसारखी, एसएफपीची वरून ठेवलेल्या पट्टीसारखी.

फुलीचा उपयोग फक्त मधोमध नेम धरण्यापुरता असेल, तर पट्टी छापलेली आहे की वरून ठेवलेली, याने काहीच बिघडत नाही. दोन रेघा जिथे छेदतात तो बिंदू कुठल्याही झूमवर तोच बिंदू असतो. फरक पडतो तो आडव्या-उभ्या रेघांवर खुणा असल्या आणि त्या खुणांनी आपण काही मोजू लागलो तर.

या खुणा बहुतेक वेळा मिलमध्ये असतात. मिल म्हणजे मिलिरेडियन, अंतराचा हजारावा भाग. 100 मीटरवर एक मिल म्हणजे 10 सेंटिमीटर, 300 मीटरवर 30, 1000 मीटरवर बरोबर एक मीटर. दशमान पद्धतीत वाढलेल्या माणसाला हे माप आवडावं असंच आहे. अमेरिकेत अजून मिनिट ऑफ अँगल चालतं आणि 100 मीटरला 2.9 सेंटिमीटर असला आकडा डोक्यात ठेवावा लागतो.

आता एक गोळी झाडून पाहू, कागदावरच. 7.62 मिलिमीटरची नेहमीची रायफल, 100 मीटरवर शून्य केलेली, म्हणजे तिथे गोळी बरोबर फुलीवर लागते. 300 मीटरवर तीच गोळी अंदाजे 45 सेंटिमीटर खाली येते. म्हणजे दीड मिल. शिकारी मधला बिंदू सोडून खालची दीडची खूण हरणाच्या छातीवर ठेवतो आणि चाप ओढतो. दुर्बीण 3 ते 12 पट झूमची आहे, एसएफपी आहे, आणि तिच्या खुणा 12 वर खऱ्या आहेत. झूम 12 वर असेल तर गोळी छातीत.

पण पहाट आहे, धुकं आहे, आणि जास्त भाग दिसावा म्हणून त्याने झूम 6 वर आणलेलं आहे. दृश्य निम्म्या आकाराचं झालं, फुली तेवढीच राहिली. आता एका खुणेची किंमत एक मिल नाही, दोन मिल आहे. त्याने दीड खूण धरली, म्हणजे प्रत्यक्षात तीन मिल, म्हणजे 300 मीटरवर 90 सेंटिमीटर. गोळी हव्या त्या जागेच्या 45 सेंटिमीटर वरून जाते. युरोपातलं थोराड लाल हरीण छातीपाशी साधारण तेवढंच जाड असतं. नेम छातीच्या मध्यावर होता, गोळी पाठीवरून निघून गेली.

सहावर त्याने पाऊण खूण धरायला हवी होती. सूत्र सोपं आहे: खुणा ज्या झूमवर खऱ्या आहेत तो आकडा भागिले सध्याचं झूम, आणि जे उत्तर येईल तेवढ्या पट खुणेची किंमत वाढली. घरी बसून हे कुणालाही जमेल. थंडीत, छातीत धडधड होत असताना, हरीण चार पावलं पुढे सरकलेलं असताना जमत नाही.

अंतर मोजायलाही याच खुणा वापरतात आणि तिथेही हाच घोळ होतो. वस्तूची उंची मीटरमध्ये घ्या, हजाराने गुणा, दिसलेल्या मिलने भागा, अंतर मिळतं. 1.7 मीटर उंचीचा माणूस 400 मीटरवर सव्वाचार मिल भरतो. वरच्याच एसएफपी दुर्बिणीत झूम सहावर राहिलं असेल तर तो दोन खुणांच्या किंचित वर भरेल आणि हिशेबात अंतर 800 मीटर निघेल. आधीच्या चुकीत गोळी वरून गेली. इथे अंतर दुप्पट धरल्यामुळे नळी आणखी वर उचलली जाणार, म्हणजे पुन्हा वरूनच. दोन्ही चुका एकाच दिशेला ओढतात. ‘थोडक्यात वरून गेली’ अशा ज्या कहाण्या शिकारी सांगतात, त्यांतल्या कितींमध्ये झूमची कडी दोषी असेल हे त्यांचं त्यांनाच ठाऊक.

हा 1.7 मीटरचा आकडा मी उगाच घेतलेला नाही. आपल्या लष्कराने दीर्घकाळ वापरलेली रशियन ड्रागुनोव रायफल आठवा. तिच्यावरच्या पीएसओ-1 दुर्बिणीत एका कोपऱ्यात वळणदार रेघ असते, 1.7 मीटर उंचीचा माणूस त्या रेघेखाली जिथे नेमका बसेल तिथे अंतराचा आकडा वाचायचा. त्या दुर्बिणीचं झूम कायम चार पट, बदलतच नाही. त्यामुळे एफएफपी-एसएफपी हा प्रश्नच तिथे उद्भवत नाही. भानगड सुरू झाली ती बदलतं झूम आल्यावर. आता .338 लापुआ मॅग्नमसारख्या लांब पल्ल्याच्या रायफली आल्या. बेंगळूरूच्या एसएसएस डिफेन्सने त्याच काडतुसाची सेबर ही स्नायपर रायफल इथेच बनवली. हजार मीटरच्या पुढे मारा करायचा, जोडीदार दुसऱ्या दुर्बिणीतून ‘अर्धा मिल डावीकडे’ असं सांगणार, आणि दोघांच्या झूमचे आकडे वेगळे असणार. तिथे अर्धा मिल म्हणजे अर्धाच मिल असावा लागतो. म्हणून स्नायपरच्या दुर्बिणी जगभर एफएफपीकडे झुकल्या, आणि ते बरोबरच आहे.

आता सर्वांत पसरलेला गैरसमज. अनेकांना वाटतं की एसएफपी दुर्बिणीत वरचे टरेट, म्हणजे नेम सरकवायच्या फिरत्या टोप्या, हेही झूमप्रमाणे बदलतात. तसं नाही. टरेटच्या स्क्रूने आतली नळीच तिरकी होते आणि ती किती तिरकी झाली याचा झूमशी संबंध नसतो. एक टिचकी 0.1 मिलची असेल तर 100 मीटरवर गोळी एक सेंटिमीटरच सरकेल, झूम तीनवर असो की बारावर, फुली पुढे असो की मागे. म्हणजे जो माणूस लेझरच्या अंतरमापकाने अंतर पाहतो, टरेट फिरवतो आणि मधल्या बिंदूनेच नेम धरतो, त्याला एसएफपीत कसलाही तोटा नाही. हे न सांगता महागडी दुर्बीण गळ्यात मारणारे विक्रेते सगळीकडे असतात.

एफएफपीची बाजू इतकी भक्कम असेल तर शिकाऱ्यांनी ती सरसकट का उचलली नाही? कारण रेघेची जाडी.

एक हिशेब करू. एफएफपीच्या खुणांची रेघ समजा 0.05 मिल जाडीची आहे. 300 मीटरवर ती दीड सेंटिमीटर जागा झाकते, कुठल्याही झूमवर तेवढीच. 15 पटीला ती डोळ्याला 0.75 मिल जाड दिसते, छान, ठसठशीत. तीन पटीला ती दिसते 0.15 मिल. निरोगी डोळ्याची बारकावा टिपायची मर्यादा साधारण 0.3 मिल आहे. म्हणजे तीन पटीला ती रेघ कोळ्याच्या जाळ्यातल्या तंतूइतकी उरते, आणि मागे झुडपांची सावली असेल तर दिसतच नाही. नेमकं याच झूमवर, जवळच्या अंतरावर, अंधुक उजेडात, घाईघाईने नेम धरायची वेळ येते. एसएफपीची रेघ मात्र तीनवरही तेवढीच ठळक. फुली आतून उजळवणारा दिवा हा यावरचा उपाय आहे, पण बॅटरी संपायची तर ती त्याच दिवशी संपते.

हा पेच जुना आहे आणि दोन खंडांनी तो दोन प्रकारे सोडवला. जर्मनी-ऑस्ट्रियात शिकारी मचाणावर बसून संध्याकाळी, कधी चांदण्यात रानडुकराची वाट पाहायचे. त्यांनी फुली पहिल्याच जागी ठेवली, पण तिचे तीन हात जाडजूड खांबांसारखे केले. जुन्या जर्मन फुलीत आडव्या खांबांमधली मोकळी जागा 100 मीटरवर 70 सेंटिमीटर भरते. बाकी खुणा नाहीत, आकडे नाहीत. पण ही एक फट कुठल्याही झूमवर खरी. जनावर फटीत अर्धंच भरलं तर ते लांब आहे, थांबा. मला ही रचना फार हुशारीची वाटते. अमेरिकेत उजेडातली शिकार जास्त, मैदानं मोकळी, लहान प्राण्यावर लांबून नेम. तिथे जाड खांब लक्ष्यच झाकून टाकायचे. त्यांनी फुली दुसऱ्या जागी नेली. 1962 मध्ये ल्युपोल्ड कंपनीने कडेला जाड आणि मध्यावर बारीक अशी ड्युप्लेक्स फुली आणली, आणि शिकारी दुर्बीण म्हटलं की आज बहुतेकांच्या डोळ्यांसमोर तीच येते.

किमतीत एफएफपी महाग, आणि त्याला कारण आहे. ती फुली काचेवर अतिशय बारीक कोरावी लागते, कारण पुढे ती झूमने मोठी होणार. कोरताना राहिलेला कण, रेघेचा फाटका काठ, सगळंच मोठं होतं. स्वस्त एफएफपीमध्ये याचा प्रत्यय येतो. एसएफपीतही एक उणीव होती: झूमची यंत्रणा ढिली असेल तर कडी फिरवताना प्रतिमा किंचित सरकते, फुली मात्र जागची हलत नाही, आणि गोळीची जागा बदलते. एफएफपीत फुली प्रतिमेबरोबरच सरकत असल्याने हे होत नाही. चांगल्या बनावटीच्या आजच्या दुर्बिणींत हा दोष नगण्य आहे. स्वस्तात मात्र तपासून घ्यावा.

फुली कुठल्या जागी आहे आणि तिच्या खुणा कुठल्या झूमवर खऱ्या आहेत, याची तपासणी घरच्या घरी होते. एक मीटरच्या पांढऱ्या पट्टीवर पाच-पाच सेंटिमीटरचे काळे-पांढरे पट्टे रंगवा आणि ती 50 मीटरवर भिंतीला उभी लावा. या अंतरावर एक मिल म्हणजे एक पट्टा. दुर्बीण रायफलीवर नको, नुसती तिपाईवर ठेवा, आणि कृपा करून चौदाव्या मजल्याच्या गॅलरीतून समोरच्या इमारतीकडे रोखू नका. व्हाइटफील्डमध्ये समोरच्याचं स्वयंपाकघर फार जवळ असतं. आता फुलीचा मध्य एका पट्ट्याच्या काठावर आणा आणि कडी सावकाश फिरवा. एफएफपी असेल तर प्रत्येक खूण आपापल्या पट्ट्याला चिकटून राहील, दोघं मिळून फुगतील आणि आकसतील. एसएफपी असेल तर खुणा जागच्या जागी राहतील आणि पट्टे त्यांच्याखालून सरकत जातील. एका आकड्यावर सगळं जुळेल, तोच तिचा खरा आकडा. तो बहुधा सर्वांत मोठ्या झूमचा असतो. काही दुर्बिणींत तो मधलाच कुठलातरी असतो, आणि माहितीपत्रकात बारीक अक्षरांत छापलेला असतो. कडीवर त्या जागी नेलपॉलिशचा ठिपका देऊन ठेवा.

स्पर्धेतल्या नेमबाजांना यातलं काहीच करावं लागत नाही. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवलं ते दुर्बिणीशिवाय. ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत भिंगाची दुर्बीण चालत नाही. मागे बारीक छिद्र, पुढे कडं, आणि अंतर कायम ठरलेलं. त्याच तालुक्यात दाजीपूरचं जंगल आहे. कोल्हापूरच्या महाराजांचं ते शिकारीचं रान, 1958 मध्ये अभयारण्य झालं. आता तिथल्या गव्यांवर रोखल्या जातात त्या फक्त कॅमेऱ्याच्या लेन्स.

उष्णता टिपणाऱ्या आधुनिक दुर्बिणींत तर हा वादच निकालात निघतो. बेंगळूरूची टोन्बो इमेजिंग अशा थर्मल साइट बनवते. त्यांत दृश्य पडद्यावर उमटतं आणि फुली सॉफ्टवेअर काढतं. झूमबरोबर ती वाढवायची, की खुणांची किंमत बदलून आकृती तेवढीच ठेवायची, हे प्रोग्रॅम लिहिणारा ठरवतो. काचेच्या नळीतल्या जागेचा प्रश्न तिथे दोन ओळींच्या कोडचा होतो.

काचेची दुर्बीण घेणाऱ्याला मात्र निवड करावीच लागते, आणि माझं मत असं. टेक्सासच्या मचाणावरून शंभर-दीडशे मीटरवरचं हरीण मारायचं असेल तर एसएफपी घ्या, साधी ड्युप्लेक्स फुली घ्या, आणि वाचलेले पैसे चांगल्या काचेवर घाला. 200 मीटरला शून्य केलेली 30-06 रायफल त्या सगळ्या पल्ल्यात तळहाताच्या आतच वरखाली होते, तिथे खुणा मोजायला कुणाला सवड आहे? कोलोरॅडोच्या डोंगरात 300-400 मीटरवर एल्कला, वाऱ्यात, खुणा धरून नेम लावायचा असेल तर एफएफपी, पण उजळणाऱ्या फुलीसकट आणि खालच्या झूमवर फुली नीट दिसते ना हे संध्याकाळी दुकानाबाहेर येऊन पाहूनच. टरेट फिरवणारा असाल तर कुठलीही. एअर रायफलीला प्रतलापेक्षा दहा मीटरपर्यंत फोकस होणारी दुर्बीण जास्त महत्त्वाची, कारण शिकारी दुर्बिणी बहुधा शंभर यार्डांना बांधलेल्या असतात आणि अंगणातल्या अंतरावर धूसर दिसतात. आणि लक्ष्य कागदाचंच ठेवा, पक्ष्यावर छरा झाडणं हा गुन्हा आहे. दुकानदाराने काहीही सांगितलं तरी पैसे मोजण्याआधी त्याला एक प्रश्न जरूर विचारा: या खुणा कुठल्या झूमवर खऱ्या आहेत? उत्तर देता आलं नाही तर दुसऱ्या दुकानात जा.